आहेरकाकांनी लावलेली पेटी

इंदिरानगरात आहेरकाकांच्या दारावरची बेल ज्याने एकदा वाजवली, तो दुसऱ्या वेळी कडी वाजवतो. बेल काकांनी स्वतः बनवलेली आहे. तिच्यात दोन सूर एकदम वाजतात आणि ते एकमेकांच्या इतके जवळ आहेत, की दाढेतून कळ निघते. दूधवाला तर खालूनच हाक मारतो. मी एकदा म्हटलं, "काका, जरा बरी बेल लावा ना." तर म्हणाले, "बेल दार उघडण्यासाठी असते. तुझी करमणूक करायला नाही."

काका मूळचे सटाण्याकडचे. उभा जन्म पेट्या दुरुस्त करण्यात गेला. पेटीच्या आतली सूर देणारी पितळी रीड कानशीने इतकी हलक्या हाताने घासायचे, की बघणाऱ्याला वाटावं, नुसती पुसताहेत. गावातले गवई दुसऱ्या कुणाच्या हातात पेटी देत नसत. आणि असा माणूस सत्तरीला आल्यावर अचानक नवं संगीत रचायला लागला. ते नवं होतं याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. संगीत होतं का, यावर मात्र वाद होता.

हा वाद घालायला काका एका पायावर तयार असत. "कानाला बरं वाटलं पाहिजे, हा कायदा कुणी केला?" ही त्यांची सुरुवात. मग हमखास मिसळ यायची. "रविवारी गंगापूर रोडला रांग लावून मिसळ खाता. नाकातोंडातून पाणी वाहतं, वर आणखी रस्सा मागता. जिभेला एवढं सोसतं, मग कानाचेच लाड कशाला? गोड हवं तर मिठाईवाल्याकडे जा." आणि त्या रांगेत मीही असते.

मी आमच्या छोट्याशा संगीत मंडळाची चिटणीस. म्हणजे फोन करायचे, सतरंज्या अंथरायच्या, खुर्च्या मांडायच्या आणि कलाकाराच्या चहात साखर किती हे लक्षात ठेवायचं. मंडळाच्या वार्षिक सकाळच्या कार्यक्रमात काकांनी अकरा मिनिटं मागितली. मी भिडेपोटी हो म्हटलं. तालमीला त्यांनी पेटी उघडली आणि आमचे अध्यक्ष खुर्चीतून उठले. पेटी चक्क बेसूर होती. डबल रीडची पेटी, एका पट्टीला दोन रीड वाजतात, आणि त्या दोन्ही तंतोतंत जुळलेल्या हव्यात. इथे एकही जुळत नव्हती.

"वय झालं, कान गेले बिचाऱ्यांचे," अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले. "पेटी लावून आणायला सांगा, नाहीतर कार्यक्रम नाही. लोक दोन घटका सुखासाठी येतात."

ज्याने जन्मभर दुसऱ्यांच्या पेट्या लावल्या, त्याला पेटी लावून आणा म्हणून सांगायचं माझ्या कपाळी आलं. मी गेले आणि कडी वाजवली. दार उघडंच होतं. काका पेटी उघडून जमिनीवर बसले होते, समोर मंदाकाकू. काकांनी एक पट्टी दाबली आणि काकूंना गावाकडच्या अहिराणीत विचारलं, "बरोबर शे का?" डाव्या कानावर हात दाबून ऐकणाऱ्या काकूंनी नाही म्हणून मान हलवली आणि बोट जरासं वर केलं. काकांनी रीड काढली, टोकाकडे दोनदा कानस फिरवली, परत बसवली आणि वाजवली. काकू म्हणाल्या, "हां. आता अगदी तस्सं."

मग काकूंनीच मला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी काकूंना मोठा ताप आला आणि डाव्या कानाला प्रत्येक सूर जरासा चढा ऐकू यायला लागला. उजव्याला आहे तसाच. त्यामुळे कुणीही कितीही सुरेल गावो, काकूंच्या डोक्यात दोन सूर भांडत असतात. औषध नाही. आधी प्रत्येक मैफिलीला पहिल्या रांगेत असणाऱ्या काकू येईनाशा झाल्या, तेव्हा आम्हाला वाटलं होतं, गुडघे धरले असतील.

"हिला जे ऐकू येतं तेच वाजवतो," काका म्हणाले. "हिने दोन वर्षं ऐकलं. तुम्ही अकरा मिनिटं ऐका. आणि हे तिथे कुणाला सांगायचं नाही. लोकांना दया आली की ते ऐकत नाहीत, नुसते बसतात."

मी परत येऊन अध्यक्षांना सांगितलं, पेटी सुरात आहे. ते म्हणाले, तुमचेही कान गेले. मी म्हटलं, गेले असतील. मग सतरंज्यांना दुसरं कुणी बघा. अध्यक्ष सतरंज्यांकडे बघून विचारात पडले आणि अकरा मिनिटं मंजूर झाली.

कार्यक्रमाच्या सकाळी काकू पहिल्या रांगेत येऊन बसल्या. काकांनी पेटी सुरू केली. दुसऱ्याच मिनिटाला खोकले सुरू झाले, तिसऱ्याला एक गृहस्थ न वाजलेला फोन कानाला लावून बाहेर गेले. अध्यक्षांनी तर डोळे गच्च मिटून घेतले. खरं सांगायचं तर मलाही सोसत नव्हतं. पण काका मान वर करून सबंध सभागृहाकडे बघत वाजवत राहिले. कुठे घाई केली नाही, कुठे हात हलका केला नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

काकू मात्र काकांकडे बघतच नव्हत्या. त्या खुर्चीत मागे वळून लोकांची तोंडं बघत होत्या. कपाळाला आठ्या, मिटलेले ओठ, आवळलेले जबडे. एकेक चेहरा त्या सावकाश बघत गेल्या.

संपल्यावर चार टाळ्या पडल्या, त्यातल्या दोन माझ्या. मी काकूंच्या शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, कसं वाटलं. (हे सगळं काकूंना विचारूनच लिहिते आहे.)

"मला बाई मुळीच नाही आवडलं," काकू म्हणाल्या. "पण तू सगळ्यांची तोंडं बघितलीस का? घरी गाणं लागलं की माझं तोंड असं व्हायचं, आणि असं तोंड करणारी मी एकटीच असायचे."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्या हसतही होत्या. तेवढ्यात पुढच्या गायिकेचा तानपुरा सुरू झाला. काकूंच्या कपाळावर लगेच आठी पडली. मी हळूच विचारलं, "घरी सोडू का?"

"नको," काकू म्हणाल्या. शेजारच्या खुर्चीवरची पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी काकांना जागा करून दिली. दोघंही शेवटपर्यंत बसली.