हितसंबंध नसलेला माणूस

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा पाणीखात्यातले मीटर तपासनीस जेवणाच्या सुट्टीत संगणकावर कुणा पुतण्याला दम देत होते. इंटरनेटवरच्या एका ज्ञानकोशात ते हौसेने, फुकट संपादकी करत. तिथे त्यांचं नाव 'काटेकोर'. पुतण्याने स्वतःच्या काकांवर लेख लिहून त्यांना थोर ठरवलं होतं. "आपल्या माणसाबद्दल आपण लिहायचं नसतं. त्याला हितसंबंध म्हणतात," एवढं लिहून झालं आणि फोन वाजला. मैदानावर मुलींना उंच उडी शिकवता शिकवता बाई जरा टेकल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत.

बाईंनी तरुणपणी उंच उडीत विक्रम केला होता. ज्ञानकोशात त्यांच्यावर छोटासा लेख होता. त्यात तपासनिसांनी कधी बोटसुद्धा घातलं नव्हतं, आणि याची ते चारचौघांत फुशारकी मारत.

"घरात तरी चार शब्द बरे बोला," बायको म्हणे. "इथे कुणी पुसायला येत नाही."

महिनाभराने त्यांनी तो लेख उघडला. त्यात ती हयात होती. चुकीचा आकडा दिसला की तपासनिसांना चैन पडत नसे. पण नियम आडवा आला. नातेवाइकाने लेखाला हात लावायचा नाही, चर्चेच्या पानावर विनंती करायची. त्यांनी केली: "मी यांचा नवरा. हितसंबंध जाहीर करतो. या वारल्या आहेत. कृपया नोंद घ्यावी."

उत्तर 'हातोडा' नावाच्या संपादकाकडून आलं. त्याला तपासनिसांनीच तयार केलं होतं, तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं.

"पुरावा?"

"मी स्वतः अग्नी दिला."

"स्वतः पाहिलेलं चालत नाही. छापील हवं. तुम्हीच शिकवलंत, काटेकोर."

तपासनिसांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट त्या दिवशी महिन्याभरात पहिल्यांदा त्यांना दोन घास नीट गेले.

मग मेव्हण्याला सुरसुरी आली. 'आभाळाला हात लावणारी माझी ताई आभाळातच गेली,' असं लिहून त्याने खाली तारीख टाकली. तपासनिसांनी सगळं पुसलं.

"भाऊजी, माझ्या बहिणीला खोडता?" मेव्हणा फोनवर कडाडला.

"तू भाऊ आहेस. हितसंबंध."

"आणि तुम्ही कोण? विजेचा खांब?"

"मी काही लिहिलं नाही. मी पुसलं."

पाठोपाठ लेकीने प्रयत्न केला. तोही पुसला.

"बाबा, मी नुसती तारीख टाकली होती. विशेषण औषधालासुद्धा नाही!"

"तू मुलगी आहेस."

"चला, तेवढं तरी लक्षात आहे तुमच्या!"

शेवटी शेजारीण पुढे सरसावली. "वहिनी, तुम्ही तिच्याकडून साखर उसनी नेत होतात," तपासनीस जिन्यात म्हणाले.

"परत केली की हो!"

"अर्धी."

रोज सकाळी कामाला निघण्याआधी ते लेख उघडून बघत. ती हयात असे. मग ते दाराला कुलूप लावत.

एवढ्यात खेळाच्या एका मासिकात बाईंवर श्रद्धांजली छापून आली. हातोड्याने पुराव्यासकट तारीख टाकली. तपासनिसांनी शोध लावला, की लिहिणारी बाईंची शिष्या. पुसलं. पुढच्या अंकात मैदानी खेळांच्या संघटनेच्या सचिवांनी लिहिलं. त्यांना बाईंनी एकदा सर्वांदेखत झापलं होतं. वैर हाही हितसंबंधच. पुसलं.

"मग तुम्हीच सांगा," हातोड्याने लिहिलं, "त्यांना ओळखणारा, पण त्यांच्याबद्दल काहीच न वाटणारा माणूस कुठे मिळेल?"

तपासनिसांनी प्रामाणिकपणे शोधायला घेतलं आणि जो जो बाद झाला त्याचं कारण चर्चेच्या पानावर मांडलं. इस्त्रीवाला बाद: त्याची तिरकी झालेली पाटी ती शिडीशिवाय सरळ करून द्यायची, बातमी ऐकून त्याने दिवसभर दुकान बंद ठेवलं. बँकेतला कारकून बाद: खात्याचं काम सोडून अजून तिचंच विचारतो. नवरा तर पहिल्यापासूनच बाद: 'लग्नाच्या फोटोसाठी तिला बसवलं, मला उभं केलं, तरी डोकी एका रेषेत आली. मी तो काढून टाकीन म्हणून तिने माझा हात पोचणार नाही इतक्या उंच लावलाय.'

काही दिवसांनी हातोड्याने लिहिलं, "मी त्यांना कधी पाहिलं नाही. आज मीच टाकतो."

यावर हरकत घ्यायला जागाच नव्हती. तपासनिसांनी रजा टाकली आणि ते लेखासमोर बसून राहिले. चहा निवला. लेख होता तसाच होता. दिवेलागणीला निरोप आला.

"टाकायला बसलो. आधी चर्चा पुन्हा सगळी वाचली. माफ करा, काटेकोर. आता माझाही हितसंबंध झाला. दुसरा कुणी बघा."

तपासनिसांनी चष्मा पुसला आणि नियमाप्रमाणे उत्तर दिलं: "नोंद घेतली. आभारी आहे."

दुसरा कुणी अजून आलेला नाही. लेखात मृत्यूची तारीख टाकायची राहिली आहे.