पाचपैकी पाच

शिक्रापूरच्या चौकातलं संपतआप्पांचं शेतीपंपांचं दुकान व्यवस्थित चालत होतं, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांच्या सुनेला खटकली. ते का चालतं, याचा कुठंही पुरावा नव्हता. सायली पुण्यात मार्केटिंग शिकून आली होती.

"मामा, सगळे कस्टमर तुमच्या डोक्यात आहेत. सिस्टिममध्ये एकही नाही."

आप्पांना आपलं डोकं पहिल्यांदाच अडगळीची खोली वाटलं. ग्राहकांशी संबंध सुधारणारं सॉफ्टवेअर घ्यायला त्यांनी मान डोलावली.

सॉफ्टवेअर आलं आणि संबंधांना शिस्त लागली. दुकानात शिरणारा माणूस आता गिऱ्हाईक राहिला नाही, तो 'लीड' झाला. दोन फोन झाल्याशिवाय लीडला मोटार विकायची नाही, असा दंडक होता. त्यामुळे माणूस समोर खुर्चीत बसलेला असला, तरी फोनांसाठी नव्यानं ठेवलेली मोनिका आतल्या केबिनमधून त्याला फोन लावायची. दोघं काचेतून एकमेकांकडं बघत बोलायचे.

एके दुपारी कवठे येमाईच्या भागुबाई आल्या. त्यांची मोटार जळाली होती आणि कांदा माना टाकत होता. आजवरची रीत अशी, की जळकी मोटार आप्पांनी दुरुस्तीला घ्यायची आणि ती होईपर्यंत आपली एक उसनी द्यायची.

"आप्पा, मोटार द्या की. सांजच्याला लाईट येनार हाय."

आप्पा उठलेच होते. सायली नम्रपणे म्हणाली, "मामा, उसन्या मोटारीला सिस्टिममध्ये रकानाच नाही."

रकाना नाही म्हणजे मोटार नाही. मोटार तर कोपऱ्यात दिसत होती. भागुबाईंनी तिच्याकडं पाहिलं, आप्पांनी फरशीकडं. मग रीतसर तक्रार नोंदवली गेली आणि भागुबाई तक्रारीचा नंबर घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोनिकाचा फोन गेला. "मावशी, आमच्या सेवेला पाचपैकी किती देता? कमी दिले तर माझा पगार कापतात हो."

"आगं बया! मंग पाच लिव्ह की."

तक्रार निकाली निघाली.

आपल्याकडं तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही, त्यात पोरगी गोड. कोरेगाव भीमापासून कवठ्यापर्यंत सगळ्यांनी पाच दिले. पुढं गिऱ्हाईक आटलं तसे आकडे आणखी सुधारले. ताटकळणारं कुणी नाही, भांडणारं कुणी नाही. दिवाळीपर्यंत सगळी उद्दिष्टं पूर्ण झाली आणि सायलीनं पेढे आणले.

पेढे वाटायला दुकानात कुणीच नव्हतं. म्हणून आप्पा पुडा घेऊन रस्त्यापलीकडच्या माऊलीच्या दुकानात गेले. माऊलीही पंपच विकायचा. तिथं बाकावर त्यांची सगळी पाच मार्कांची माणसं चहा पीत बसली होती. भागुबाईंनी सरकून जागा दिली.

"भागुबाई, मार्क मला दिले आन् मोटार हितनं नेली व्हय?"

"मंग काय करू? त्या लेकराच्या पोटावर पाय कशापायी द्यायचा? माऊलीनं उसनी मोटार दिली, कांदा वाचला बगा."

उभ्या जन्मात जोडलेली माणसं समोर होती, फक्त बाक दुसऱ्याचा होता. आत्ताच जाऊन ते सॉफ्टवेअर उपटून फेकायचं, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात फोन वाजला. आप्पांनी सवयीनं तो स्पीकरवर घेतला. सॉफ्टवेअर कंपनीतून एक पोरगी बोलत होती.

"सर, आमच्या सॉफ्टवेअरला पाचपैकी किती देणार? प्लीज सर, कमी पडले तर माझी नोकरी जाईल."

आप्पांनी शिवी ओठापर्यंत आणली. अख्खा बाक कान टवकारून बसला होता.

"पाच लिव्ह, पोरी," आप्पा म्हणाले.

"आप्पासारख्या मानसानं पाच दिले म्हंजी चीज नंबरी आसनार," असं म्हणून माऊलीनं आठवड्याच्या आत तेच सॉफ्टवेअर बसवून घेतलं. भागुबाई आता तिथंही लीड आहेत.

आप्पांना खुशाल हसा. फक्त परवा दारात उभ्या राहिलेल्या डिलिव्हरीवाल्यानं "साहेब, पाच द्या" म्हटल्यावर तुमचं बोट कुठं टेकलं, तेवढं आठवून हसा.