सगळ्यांना मनाई

कुटुंब शिस्तीवर चालतं, आणि शिस्त कुणीतरी एकाने लावावी लागते. आमच्या केडगावच्या घरात ती मी लावतो. सगळ्यांनी सहाला उठावं हा नियम माझाच. मी साडेसातला उठतो तेव्हा सगळे उठलेले असतात.

१९९८ साली मी एका बंद पडलेल्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घेतला. त्याची शिस्त माझ्याहून कडक. प्रत्येकाने आपलं नाव आणि पासवर्ड देऊन आत जायचं. कुठली फाईल कुणी नुसती उघडायची, कुणी बदलायची आणि कुणी हातही लावायचा नाही, हे आधीच ठरवता येई. असं यंत्र माझ्या घरी इतक्या उशिरा यावं याचंच वाईट वाटलं.

शुभांगीने, म्हणजे आमच्या मंडळींनी, मिरजगावच्या आपल्या भागिरथीआत्यांची हळदीची एकोणीस गाणी कॅसेटवरून त्यात भरली. मी मागे उभं राहून मार्गदर्शन केलं. घशाच्या ऑपरेशननंतर आत्यांचा आवाज गेला होता आणि रविवारी त्यांच्या नातीची हळद होती. ‘आजीच्या गाण्याशिवाय हळद लावून घेणार नाही,’ असं नातीने बजावलं होतं. गाणी कॉम्प्युटरात सुखरूप आहेत म्हटल्यावर त्या कॅसेटवर मी माझं ‘कुटुंब आणि शिस्त’ हे भाषण भरून टाकलं.

मग सोनईहून मेहुणी आली, रुपाली. आत्या गाण्यात घरच्यांची नावं गुंफायच्या, आणि पहिलं गाणं कुणाच्या नावाचं, हा मानाचा प्रश्न. रुपालीने आपल्या गाण्याला एक नंबर दिला. सकाळी शुभांगीने तो काढून आपल्या गाण्याला दिला. तीन दिवस हेच.

“ताई, आत्याने माझं नाव आधी घेतलंय.”

“तू रडत होतीस म्हणून. गप्प बसावीस म्हणून घेतलं.”

मी रुपालीचा बदलण्याचा हक्क काढला. “म्हणजे दाजी, मी परकी?” म्हणून ती जेवली नाही. शुभांगीचाही काढला, तर भाजीत मीठ आलं नाही. शेवटी मी निःपक्षपाती झालो. हक्कांच्या यादीत ‘सगळे’ असं एक नाव सगळ्यांचं मिळून होतं. त्याच्यापुढे मी ‘पूर्ण मनाई’ लावली. आता क्रम मी ठरवणार होतो.

शनिवारी सकाळी आत्या गाणी नव्या कॅसेटवर भरून न्यायला आल्या. मी खुर्चीत बसलो आणि बटण दाबलं. परवानगी नाही. परत दाबलं. परवानगी नाही.

“जावईबापू, उघडलं का?” आत्या कुजबुजल्या. त्यांचा आवाज आता एवढाच होता.

“उघडतोय.”

“लई खटपट नगा करू. माजा आवाज हाय ना आत, तेवढं सांगा.”

“दाजी, जुनी कॅसेट आहे की,” म्हणत रुपालीने ती लावली. ‘घरातील कर्त्या पुरुषाने दूरदृष्टी ठेवावी,’ कॅसेट म्हणाली. शुभांगीने टेप बंद केला.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या महेंद्रला बोलावलं. त्याने हक्कांची यादी पाहिली.

“सर, ही सगळ्यांना मनाई कुणी केली?”

“मी.”

“सगळ्यांत तुम्ही येत नाही का?”

“ते कधीच येत नाहीत,” शुभांगी म्हणाली.

महेंद्रने समजावलं, की फाईलचा मालक मनाई उठवू शकतो, आणि जो फाईल भरतो तो मालक. मालकाच्या रकान्यात शुभांगीचं नाव होतं. मार्गदर्शनाला रकाना नव्हता.

“कॉम्प्युटरचे मुख्य म्हणून तुम्हाला मालकी काढून घेता येते, सर.”

आत्या माझ्याकडे बघत होत्या. शुभांगीही.

“नको,” मी म्हणालो, “तिलाच विचारू.”

शुभांगीने मला भिंतीकडे तोंड करायला लावून पासवर्ड टाकला. पाठीमागून आत्यांचा आवाज आला, पूर्वीचा, उंच. वळून पाहिलं तर आत्यांनी तोंडाला पदर लावला होता. शुभांगीने पहिला नंबर रुपालीच्या गाण्याला दिला. “नाहीतर रडेल,” म्हणाली. रुपाली तरी रडलीच.

रविवारी हळदीला एकोणीसही गाणी वाजली. माझं नाव कधी येतं म्हणून मी प्रत्येक गाणं कान देऊन ऐकलं. त्यात सासरे होते, रुपालीचा पाळणा होता, बैलजोडीसुद्धा नावानिशी होती. चौदाव्यात शुभांगीचं लग्न आलं:

पुण्याच्या गं वाटंवरी
केडगावी दिली शुभा

म्हणजे रस्त्याचं नाव आहे. गावाचंही आहे.