पहिल्या गिऱ्हाइकाचा हात

"तात्या, पिशवी खाली ठेवा! आधी खाली ठेवा ती!"

बाळूशेठ कोठावदे भर रस्त्यात उभे राहून ओरडत होते. त्यांच्यामागे निम्मी गल्ली उभी होती, एका हातात 'मार्ट हटाव, गल्ली बचाव'चा फलक आणि दुसऱ्या हातात बाळूशेठनी पाजलेला चहा. समोरच्या काचेच्या दारातून दगूतात्या सोनजे नुकतेच बाहेर पडले होते आणि त्यांच्या हातात मार्टची पांढरी, करकर वाजणारी पिशवी होती. म्हणजे मार्टच्या विरोधातला आमचा सेनापती मार्टमधूनच खरेदी करून आला होता. केबलवाल्या कॅमेरामनने तोवर तासभर नुसतं आभाळाचं चित्रण केलेलं, त्याने आता कॅमेरा बरोबर पिशवीवर रोखला.

हा घोटाळा कसा झाला ते कळायला आधी तात्यांचा हात समजून घेतला पाहिजे.

सकाळच्या पहिल्या विक्रीला दुकानदार भवानी म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक चांगल्या हाताचं असलं तर दिवसभर गल्ला वाजत राहतो. तेच काही न घेता माघारी फिरलं, तर संध्याकाळपर्यंत माश्या मारायच्या. तात्या याला फुटकी भवानी म्हणत. असलं सगळीकडेच मानतात, पण पंचवटीत मखमलाबाद नाक्याच्या अलीकडे आमची जी गल्ली आहे, तिथे या समजुतीला धोतर, टोपी आणि जाड भिंगांचा चष्मा होता. गल्लीत सर्वांत चांगला हात तात्यांचा, यावर कधी मतदान झालं नाही, कारण विरोधात उभं राहायला कुणी तयार नव्हतं.

रोज सकाळी तात्या आंघोळ करून, गंध लावून निघायचे. पहिला मान बाळूशेठच्या किराणा दुकानाचा. बाळूशेठ शटर अर्धंच वर करून आत अंधारात बसून राहायचे. दारात कुणी आजारी माणसासाठी साबुदाणा मागायला आलं तरी "तात्या येऊ द्या" म्हणायचे. तात्या उजवा पाय आत टाकत, पाव किलो गूळ मागत, भाव विचारत नसत. बाळूशेठ तात्यांची नोट डोळ्यांना लावत, तराजूला लावत आणि मग शटर धाडकन वर जाई. तिथून तात्या पुढच्या दुकानात. कुठे काडेपेटी, कुठे नाडी, कुठे शर्टाचं एक बटण. त्यांच्या खोलीत काडेपेट्यांची इतकी चळत साठली होती, की अग्निशमन दलाला नुसती कुणकुण लागली असती तर त्यांनी कायमचा एक बंब गल्लीत उभा केला असता.

हाताचा गुण मी डोळ्यांनी पाहिला आहे. भर उन्हाळ्यात त्यांनी छत्रीवाल्याकडे भवानी केली, तर दुपारपर्यंत त्याच्या छत्र्या संपल्या, आणि शेवटच्या दोन गिऱ्हाइकांत एका छत्रीवरून अशी झोंबाझोंबी झाली की एकाला दांडा मिळाला आणि एकाला कापड. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी एकदा भिडेखातर तात्यांना सकाळी बोलावलं. तात्यांनी सर्दी नसताना नाक दाखवलं, रोख फी दिली. दुपारी अख्खी गल्ली खोकत होती. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं, तात्या, महिन्यातून एकदाच येत जा.

"दुकान हे माणसासारखं असतं," तात्या म्हणत. "कुणी मोकळ्या हाताने गेलं की रुसतं."

त्यांचं स्वतःचंही एक दुकान होतं म्हणे, तरुणपणी, त्र्यंबक रोडला. बांगड्या, कंगवे, टिकल्या. पहिल्या दिवशी पहिली बाई आली, तिने सगळे कंगवे काढायला लावले, दोन केसांतून फिरवून पाहिले आणि "येते हं मग" म्हणून निघून गेली. चार महिन्यांत दुकान बसलं. पुढे तात्यांनी मार्केट यार्डात दुसऱ्यांचे कांदे तोलण्यात जन्म काढला. लग्न केलं नाही. ही गोष्ट ते इतक्या रंगवून सांगत, त्या बाईची मान हलवून दाखवत, की ऐकणारा हसून हसून बेजार व्हायचा. "अजून वाट बघतोय तिची," असं शेवटी म्हणायचे.

तर अशा या गल्लीत, लाकडाच्या जुन्या वखारीच्या जागेवर, मार्ट आलं. ते दिवस मिस्ड कॉल देऊन माणसाला खाली बोलावण्याचे. मार्टचं नाव इंग्रजी होतं आणि इतकं लांब, की शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायला व्हायची. वखारीच्या कुंपणाला टेकून भाजी विकणाऱ्या मखमलाबादच्या चंद्राबाईंच्या जागेवर आता शोभेच्या कुंड्या आल्या आणि कुंड्यांना राखणदार आला. "माझ्या मेथीला ऊन लागतं तर कोनी बघत नाय, अन् ह्या झाडाला शिपाई," चंद्राबाई म्हणाल्या. पलीकडे जुनी बैठी घरं पाडून 'हाइट्स' नावाचं काहीतरी उभं राहू लागलं. घरमालक गल्लीला 'लोकॅलिटी' म्हणायला लागले, आणि लोकॅलिटी म्हटल्यावर भाडं वाढवावंच लागतं. बाळूशेठच्या मालकाने करार संपला की गाळा सोडायला सांगितलं. त्याला तिथे ब्यूटी पार्लर हवं होतं.

मारुतीच्या पारावर सभा झाली. भाषणं झाली. नगरसेवकाला निवेदन दिलं, ते त्यांनी दोन्ही हातांनी स्वीकारलं आणि त्याच दोन्ही हातांनी पुढच्या आठवड्यात मार्टची फीत कापली. मग दुसरी सभा झाली, आणि तिच्यात दगूतात्या उभे राहिले.

ते म्हणाले, निवेदनं बंद करा. उद्यापासून रोज सकाळी मार्टमध्ये पहिला मी शिरणार आणि मोकळ्या हाताने बाहेर येणार.

पारावरची माणसं दचकून मागे सरकली. मारुतीसुद्धा दोन बोटं मागे सरकला असावा. चंद्राबाईंनी तोंडावर पदर धरला. सगळ्यांत आधी हरकत घेतली ती बाळूशेठनी, ज्यांचा गळा कापला जात होता त्यांनी. "तात्या, दुश्मनाचीसुद्धा भवानी फोडू नये हो," ते म्हणाले. "पाप लागतं."

"लागू द्या. मागे कोण आहे माझ्या?" तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मोहीम सुरू झाली. बाळूशेठकडचा गूळ उरकून तात्या मार्टच्या दारात जाऊन उभे राहत. दार उघडलं की डावा पाय आत. राखणदार सलाम करी. तात्या प्रत्येक रांगेतून फिरत, साबण हुंगत, तांदळाची पिशवी कानाशी नेऊन हलवत, सगळं जागच्या जागी ठेवत आणि बाहेर पडताना मोठ्याने म्हणत, "येतो हं मग." परगावाहून आलेला तरुण मॅनेजर टायवर हात ठेवून म्हणे, "थँक्यू सर, व्हिजिट अगेन." शाप देणाऱ्याला पुन्हा या म्हणणारा माणूस तात्यांना आयुष्यात पहिल्यांदाच भेटत होता.

आणि मार्ट चाललं. चाललं म्हणजे धावलं. गंगापूर रोडवरून मोटारी येऊ लागल्या. आमच्याच गल्लीतली माणसं मागच्या बोळातून जाऊन, मार्टची पिशवी बाळूशेठच्या कापडी पिशवीत लपवून आणू लागली. एका काकूंनी तर चंद्राबाईंकडून कोथिंबीर घेऊन ती वर दिसेल अशी खोवली होती आणि खाली अख्खं मार्ट होतं.

तात्यांनी आधी म्हटलं, थोडा वेळ लागतो. मग म्हटलं, तिथे गल्ल्यावर मशीन आहे, मशीनला भवानी कळत नाही. पण गल्लीला जे कळायचं ते कळलं. तिकडे फुटकी भवानी होऊन दुकान धावत होतं आणि इकडे अस्सल भवानी होऊन बाळूशेठ माश्या मारत होते. हाताबद्दल लोक हळू आवाजात बोलू लागले, मग मोठ्या आवाजात. छत्रीवाला तात्यांची वाट न पाहता दुकान उघडू लागला. आणि एका सकाळी तात्या गूळ घ्यायला गेले तर बाळूशेठचं शटर पूर्ण वर होतं, आत एक बाई साबण घेत होती. स्पर्धेत लवकर उघडावं लागतं, असं बाळूशेठ तराजूकडे बघत म्हणाले. तात्यांनी गूळ घेतला. पण ती दिवसातली दुसरी विक्री होती. दिवसभर ते पारावर बसून होते आणि कुणालाही बांगड्यांच्या दुकानाची गोष्ट सांगत नव्हते.

म्हणूनच त्या सकाळचं धरणं ठरलं. कल्पना तात्यांचीच. सगळ्या गल्लीने दाराबाहेर उभं राहायचं, केबलवाल्याला बोलवायचं, आणि तात्यांनी सर्वांसमक्ष, घोषणा देत, अशी भवानी फोडायची की तिचा आवाज सातपूरपर्यंत जावा. हातावरचा विश्वास परत मिळवायची ती शेवटची संधी होती, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि आम्हालाही. त्यांनी धोतर कडक इस्त्रीचं नेसलं होतं.

दार उघडलं. डावा पाय. आम्ही घोषणा दिल्या. मी काचेला नाक लावून उभा होतो, म्हणून मला आतलं दिसलं.

तात्या साबणाच्या रांगेत होते. गल्ल्यावर नेहमीचा माणूस नव्हता. एक मुलगी होती, विशीतली. मार्टचा शर्ट तिला इतका मोठा होता की कॉलरमधून मान शोधावी लागत होती. तिने मशीन सुरू करण्याआधी इकडेतिकडे पाहिलं, मॅनेजर बघत नाही याची खात्री केली, आणि गल्ल्याला हात लावून तो कपाळाला लावला. मग दोन्ही हात जुळवून ती दुकानातल्या एकुलत्या एका गिऱ्हाइकाकडे बघत उभी राहिली.

तात्यांच्या हातात साबण होता. तो त्यांनी खाली ठेवला. बाहेर येण्यासाठी चार पावलं टाकली. थांबले. बाहेर आमचा घोष टिपेला पोचला होता. मग ते मागे वळले, रांगेतून काहीतरी उचललं आणि गल्ल्यापाशी गेले. त्यांनी भाव विचारला नाही. मुलीने नोट घेतली आणि खणात टाकण्याआधी हळूच डोळ्यांना लावली.

पिशवीत काडेपेटी होती. बाळूशेठनी ती भर रस्त्यात काढून कॅमेऱ्यापुढे धरली, पुरावा म्हणून. लोकांनी तात्यांना फितूर म्हटलं, म्हातारचळ लागलाय म्हटलं. "तात्या, तुमीबी?" एवढंच चंद्राबाई म्हणाल्या. फलक गोळा झाले, चहाचे पेले बाळूशेठकडे परत गेले, आणि त्या संध्याकाळी अख्ख्या पंचवटीने केबलवर ती काडेपेटी पाहिली.

दुसऱ्या दिवशी मी दूध आणायला निघालो तेव्हा बाळूशेठचं शटर अर्धंच वर होतं. साबण घेणारी ती बाई पायरीवर ताटकळत होती. रागाने लाल झालेले बाळूशेठ आत अंधारात बसले होते, पण बसले होते. बऱ्याच उशिरा तात्या आले. पायरीपाशी घुटमळले, शटर अर्धं आहे असं दिसल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला.

"एवढं सांगा तात्या," बाळूशेठ म्हणाले. "अख्खी गल्ली तुमच्यामागे उभी होती. असं काय दिसलं तुम्हाला तिथं?"

तात्यांनी वाकून उजवा पाय आत टाकला.

"त्या पोरीचा पहिलाच दिवस होता. गूळ द्या, पाव किलो."