उजगरेसाहेबांची रायफल

आर. के. पुरममधल्या आमच्या ब्लॉकमध्ये रद्दीवाला रविवारी सकाळी यायचा. त्याची हाक ऐकून सगळ्यात आधी खाली उतरायचे ते आमच्या डोक्यावर राहणारे उजगरेसाहेब. इतरांच्या हातात वर्तमानपत्रांचे गठ्ठे असत, यांच्या हातात रायफल. ती ते रद्दीवाल्याच्या पारड्यात आडवी ठेवायचे.

"कितना?"

"तीन किलो तीन सौ, साहब," तो बिचारा नळीकडे न बघता सांगायचा.

"अभी भी भारी है," असं पुटपुटत साहेब पुन्हा जिना चढायचे, आणि मग दिवसभर आमच्या छतावर लाकूड तासल्याचा आवाज चालायचा.

मी मुळातच भित्रा माणूस. खात्यात साध्या कागदावर सही करायची तरी मी दोनदा पेन खाली ठेवतो. अशा माणसाच्या डोक्यावर देवानं नेमकी रायफल आणून ठेवावी! ती रिकामी असते हे उजगऱ्यांनी मला शंभरदा उघडून दाखवलं होतं. तरी वर काही पडल्याचा आवाज आला की मी खुर्ची सरकवून भिंतीशी जायचो.

रायफल त्यांच्या वडिलांची. वडील नगरकडे मिशनच्या शाळेत हेडमास्तर होते, आणि एका गोऱ्या पाद्र्यानं विलायतेला परत जाताना ती त्यांना दिली होती. लायसन्स अगदी चोख. घोड्याखाली एक लोखंडी कडी होती. ती खाली ओढून वर केली की नवं काडतूस नळीत जायचं. या कडीला साहेब 'लिव्हर' म्हणत, आणि शब्द उच्चारताना त्यांचा आवाज हळवा व्हायचा.

मार्चअखेरीला ते निवृत्त होणार होते. क्वार्टर सोडायचं आणि गुडगावच्या पलीकडे घेतलेल्या नव्या घरात जायचं. तेव्हा सगळी दिल्लीच तिकडे निघाल्यासारखी वाटत होती. रंगीत ब्रोशरमध्ये त्या कॉलनीत कारंजं होतं, क्लब होता, टेनिस खेळणारी एक गोरी बाईही होती. मी प्रत्यक्ष जाऊन आलो तेव्हा राहती घरं सात होती आणि बाकी सगळी मोहरीची शेतं. दिवाळीनंतर तिथल्या चौकीदाराला बांधून ठेवून कोणीतरी एक घर साफ केलं होतं.

"तिथे रानडुकरं फार," साहेब मला सांगायचे. "शेतकरी रडतात. सरकारकडून परवाना मिळतो मारायचा. मार्चच्या आत हत्यार तयार पाहिजे, जोशी. शिकारीत हयगय चालत नाही."

शिकार! या माणसानं जन्मात झुरळाला चप्पल मारली नव्हती. कागदावर घेऊन ते त्याला खिडकीबाहेर सोडायचे आणि वर "जा बाबा" म्हणायचे.

पण रायफलीची तयारी जोरात होती. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता आधी एक इंच कापला, मग आणखी अर्धा. "झुडपात अडकतो." मागे जाड रबर बसवलं. "धक्का कशाला उगाच खायचा?" लिव्हरची कडी मोठी करून घेतली, तिला मऊ कातडं गुंडाळलं, आतली स्प्रिंग हलकी केली. "रानात थंडीनं बोटं आखडतात." नेम धरायला नळीच्या टोकाशी बारीक माशी असते, ती त्यांनी हरभऱ्याएवढी केली आणि पांढरी रंगवली. "संध्याकाळी दिसायला हवी." शेवटी ती रायफल सहा फुटी साहेबांच्या खांद्याला लागली की मोठ्या माणसानं पोराच्या तीनचाकीवर बसावं तसं दिसायचं. गेल्या वर्षापर्यंत गॅसचा सिलिंडर एका हातात घेऊन दोन मजले चढणारा हा माणूस तीनशे ग्रॅमसाठी का झुरतो, ते मला कळत नव्हतं.

कडीचं काम करोल बागेत बंदुका दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडे चालायचं. तिथे जायचं माझ्या स्कूटरवर, कारण साहेबांना स्कूटर येत नव्हती आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. रायफलीची पेटी मोडली होती, म्हणून ती मार्थावहिनींच्या तंबोऱ्याच्या गवसणीत घातली जायची. मार्थावहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. पाच फुटांनाही जरा कमीच, निवृत्त शिक्षिका, चर्चमध्ये भजनं म्हणायच्या. पूर्वी तंबोरा लावायच्या, पण संधिवातानं बोटं वाकडी झाली आणि गवसणी रिकामी राहिली.

एकदा नाक्यावर हवालदारानं आम्हाला थांबवलं.

"इसमें क्या है?"

"तानपुरा!" मी ओरडलो. त्याच क्षणी मागून साहेब शांतपणे म्हणाले, "रायफल."

पुढचे दोन तास आम्ही ठाण्यात होतो. साहेबांनी लायसन्स दाखवलं, सरकारी ओळखपत्र दाखवलं. इन्स्पेक्टरचं त्यांच्याबद्दल काही म्हणणंच नव्हतं. "ये दूसरा आदमी झूठ क्यों बोला?" एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता. माझी नोकरी, पेन्शन, मुलीचं लग्न, सगळं डोळ्यांसमोर बुडत होतं. सुटल्यावर साहेब म्हणाले, "यार जोशी, घाबरता फार तुम्ही. मीसुद्धा घाबरतो, पण लायसन्स काढून." मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी उस्तादांनी शेवटच्या मापासाठी बोलावलं. त्या दिवशी साहेबांनी टॅक्सी केली. वहिनींना पडद्यांचं कापड घ्यायचंय असं सांगून बरोबर घेतलं, आणि मलाही.

दुकान दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात साहेब दोनदा थांबले. दुसऱ्यांदा कठड्याला धरून त्यांनी खिशातली गोळी जिभेखाली ठेवली. मी बघितलंय हे त्यांना कळलं. "बोलू नका," एवढंच ते हळूच म्हणाले.

वर गेल्यावर साहेबांनी रायफल घ्यायला हात पुढे केला, तर उस्तादांनी ती मागे घेतली.

"साहब, महीनों से देख रहा हूँ। यह नाप आपका है ही नहीं। जिनका है, वो उठाएँ।"

साहेब छताचा पंखा बघू लागले. वहिनींनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, पर्स माझ्या हातात दिली आणि रायफल उचलली. दस्ता त्यांच्या खांद्यात बेतल्यासारखा बसला. वाकड्या बोटांनी त्यांनी कडी खाली ढकलली. ती लोण्यासारखी गेली.

"पांढरी माशी दिसते?" साहेबांनी पंख्याकडे बघतच विचारलं. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं.

"दिसते."

मला एकदम सगळं उमगलं आणि स्वतःची लाज वाटली.

"शिकारीला मी जायचं होय?" वहिनी म्हणाल्या.

"तसं नाही ग. मी नसलो कधी, तर... आपल्याला मूलबाळ नाही. तिकडे हाक मारली तरी कोणी येणार नाही, मार्था. लायसन्सवर तुझंही नाव घालायचा अर्ज केलाय मी."

वहिनींनी रायफल अलगद काउंटरवर ठेवली. दस्त्यावरून हात फिरवला. किती गुळगुळीत केला होता साहेबांनी तो!

"बरोबर बसलीय," त्या म्हणाल्या. "पण तुम्हीच नसलात, तर मी त्या घरात ही घेऊन राखायचं काय?"

साहेब तिथल्या स्टुलावर बसले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. वहिनींनी जवळ जाऊन त्यांचं डोकं पोटाशी धरलं. उस्ताद आणि मी खिडकीपाशी जाऊन खालचा बाजार बघत उभे राहिलो.