मोझेसभाऊंची उजव्या स्टिअरिंगची गाडी

मोझेसभाऊ थळकर पायी चालतानासुद्धा वळायच्या आधी हात दाखवत. दुकान उजवीकडे असेल तर दहा पावलं आधीपासून उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर, आणि मग वळण. डावीकडे जायचं असेल तर तोच हात हवेत गोल फिरे. तेल अविवच्या दक्षिणेला, अश्दोदच्या आमच्या नव्या वस्तीत तेव्हा वाळू जास्त आणि रस्ते कमी. मागून येऊन येऊन येणार काय, तर कोणाची तरी चुकलेली शेळी. मोझेसभाऊ तिलाही सिग्नल देत. मी दवाखान्यात कारकून, त्यामुळे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, ह्यांचा खांदा निखळतो की काय. मी तसं विचारलंही.

"खांदा क्लीन हाय," ते बोलले. "बावीस वर्षांचं लायसन हाय आपलं. एक डाग नाय."

मुंबईत ते एका गिरणीमालकाचे ड्रायव्हर होते. इथे येऊन बंदराच्या बांधकामावर दगडांचा ट्रक चालवत. पण ट्रकमधून उतरले तरी मनातली गाडी काही बंद होत नसे. जिन्याच्या वळणावर ते तोंडाने हॉर्न वाजवत. चपला दाराशी तोंड बाहेर करून ठेवत, म्हणजे निघताना रिव्हर्स घ्यायला नको. दुकानाच्या रांगेत पुढच्या माणसापासून दोन हात मागे उभे राहत, कारण ब्रेक लागायला जागा हवी. त्या दोन हातांत मोरोक्कोची एखादी बाई आणि रुमानियाचे दोन म्हातारे आरामात मावत. मोझेसभाऊंना अंडी मिळालेली मी कधी पाहिली नाहीत.

त्यांचं दार माझ्या दारासमोर. त्यामुळे त्यांच्या घरातलं दुखणंही माझ्या वाट्याला आलं. फ्लोरावहिनी, म्हणजे त्यांची बायको, त्यांच्याशी बोलत नसत. चार दिवसांचा अबोला मी समजू शकतो, माझ्याही घरी होतो. हा वर्षभर चालला होता.

झालं ते असं. वहिनी मुंबईत शाळेत शिकवत. मोझेसभाऊंनी त्यांना सांगितलं, तेल अविवला घर मिळणार, समोर समुद्र, शेजारी शाळा. त्या भरवशावर वहिनींनी नोकरी सोडली आणि आईकडून आलेली शिसवी पलंगांची जोडी विकली. पण बोटीवर नव्या लोकांना घरं वाटणाऱ्या कचेरीतला एक माणूस भेटला. तो म्हणाला, अश्दोदला बंदर बांधतायत, ड्रायव्हर हवेत. ह्या गृहस्थांनी तिथल्या तिथे सही ठोकली. बायकोला विचारलं नाही, सांगितलंही नाही. हैफाला उतरल्यावर ट्रकमध्ये बसून वहिनी सारख्या विचारत होत्या, "तेल अविव कधी येणार?" आणि हे म्हणत होते, "आलंच." भर दुपारी ट्रक वाळूत थांबला. वहिनी उतरल्या, चारी बाजूंना पाहिलं आणि म्हणाल्या, "मला एका शब्दाने विचारलंत?" नवऱ्याशी बोललेलं ते शेवटचं वाक्य.

पुढचा सगळा कारभार माझ्यामार्फत. "भावजी, ह्यांना सांगा, घासलेटची गाडी येऊन गेली." ह्यांना, म्हणजे माझ्यापासून तीन फुटांवर डबा घेऊन उभ्या असलेल्या मोझेसभाऊंना. "डॅनियल, तिला सांग, डबा मी भरला." मी सांगायचं. मी घरी नसलो तर वहिनी स्टोव्हशी बोलत. "आज कोणी बर्फ आणला तर बरं होईल," असं त्या स्टोव्हला सांगत, आणि मोझेसभाऊ स्टोव्हला "बेसेदेर" म्हणून बर्फ आणायला जात. बेसेदेर म्हणजे ठीक आहे. एवढं एक हिब्रू त्यांना पक्कं येत होतं.

त्रेसष्टच्या नोव्हेंबरात मोझेसभाऊ दाढ काढायला अश्कलोनला गेले आणि मोटारगाडी घेऊन आले.

मी गच्चीत उभा होतो. वाळूच्या रस्त्याने एक लांबलचक, सायीच्या रंगाची, दोनच दरवाज्यांची गाडी येताना दिसली. आत लाल चामड्याच्या सीटा, कापडी टप मागे दुमडलेला. आमच्या वस्तीत तेव्हा सायकल असलेल्या माणसाला लोक दबून असत. मला वाटलं कोणीतरी मंत्री रस्ता चुकला. गाडी आमच्याच जिन्याशी थांबली आणि आतून मोझेसभाऊ उतरले. एक गाल सुजून टम्म. सगळी वस्ती खाली धावली. कोणाची, किती दिवसांसाठी, कुठून आणली? मोझेसभाऊंच्या तोंडात कापसाचा बोळा. ते नुसते हात हलवत होते. मला तर घाम फुटला, कारण फ्रिजसाठी बाजूला टाकलेले पैसे त्या घरात कुठे ठेवलेत हे मलाही माहीत होतं. वर जाऊन पाहिलं. डबा रिकामा.

वहिनी गच्चीतून खाली बघत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही बसा जरा." त्या बसल्या नाहीत. स्टोव्हशीसुद्धा त्या दिवशी बोलल्या नाहीत.

खरा धक्का पुढेच होता. मी खाली येऊन ड्रायव्हरच्या बाजूने दरवाजा उघडला, तर तिथे स्टिअरिंगच नाही. ते पलीकडे, उजव्या अंगाला. मुंबईत गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात म्हणून स्टिअरिंग उजवीकडे. इथे सगळं उलट. गाडी त्या दाताच्या डॉक्टरने दक्षिण आफ्रिकेहून बोटीने आणली होती, आणि वर्षभर कोणी विकत घेईना म्हणून ती त्याच्या अंगणात पडून होती. असल्या गाडीचा ड्रायव्हर कडेच्या धुळीत बसतो. पुढे ट्रक असला तर समोरून काय येतंय ते त्याला जन्मात दिसत नाही. घेणार कोण? तर आमचा मुंबईवाला. बाजू ओळखीची दिसली आणि भुलला. रुमानियाचा म्हातारा माझ्याकडे बघून स्वतःच्या डोक्याशी बोट फिरवत होता. "मेशुगा," तो म्हणाला. त्याचा अर्थ मला विचारावा लागला नाही.

मी दोन दिवस धीर धरला. गालाची सूज उतरल्यावर मोझेसभाऊंना फैलावर घेतलं. रोज डाव्या स्टिअरिंगचा ट्रक चालवणाऱ्या माणसाला एवढं समजू नये? फ्रिज गेला, पैसे गेले, आणि वर ही एका डोळ्याने आंधळी गाडी.

ते लाल सीट कपड्याने पुसत होते. पुसतच राहिले.

"डॅनियल, तुला काय वाटतं, मला स्टिअरिंग दिसलं नाय?" मग खाली वाकून ते बोलले, "ही गाडी एकट्याला चालवता येत नाय. डाव्या सीटवर माणूस लागतो. आणि नुसतं बसून चालत नाय. त्याला बोलावं लागतं. पुढे मोकळं हाय का, काढू का, थांबू का. त्याने सांगितल्याशिवाय मी एक इंच पुढे जाऊ शकत नाय."

माझ्या तोंडात आणखी बरंच काही तयार होतं, ते तसंच गिळलं.

त्या शनिवारी संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा झाला. नवी वस्तू घरात आली की आम्हा मराठी ज्यू लोकांत तो करावाच लागतो. पोहे वहिनींनीच भिजवले, गूळ आणि सुकं खोबरं घातलं, ताटावर पाच फळं ठेवली, आणि ताट माझ्या हातात दिलं. एलियाहू हन्नाबीशी त्यांचं भांडण नव्हतं. पण गाडीत त्या बसल्या नाहीत. "भावजी, ह्यांना सांगा, मला कुठे जायचं नाही."

त्यामुळे डाव्या सीटवर नेमणूक माझी झाली. दोन महिने मी जिवावर उदार होऊन बसलो. टप एकदा उघडलेला तो पुन्हा मिटायला तयार नव्हता. जानेवारीचा वारा कानात शिरे, समोरून सिमेंटचे ट्रक माझ्या नाकावर येत, आणि पलीकडे सावलीत बसून मोझेसभाऊ शांतपणे विचारत, "काढू?" माझं वजन तेवढ्यात उतरलं. बायको म्हणाली, बरंच झालं.

फेब्रुवारीत भायखळ्याहून वहिनींच्या भावाचं पत्र आलं. परतीच्या भाड्याची व्यवस्था केली आहे, निघून ये. शुक्रवारी बारापर्यंत तेल अविवच्या बोट कंपनीत जाऊन नाव घालायचं. तो शुक्रवार चुकला तर जागा दुसऱ्याला जाणार, आणि भावाकडून पुन्हा एवढं जमेल असं नव्हतं. पत्र वहिनींनी मला वाचून दाखवलं. मोझेसभाऊ दाराशी उभे होते, म्हणजे त्यांनाही वाचून दाखवल्यासारखंच झालं. मला वाटलं ते काहीतरी बोलतील. ते चपला घालून खाली गेले आणि गाडीचं बॉनेट उघडून बसले.

शुक्रवारी सकाळी वहिनी आणि मी बसच्या थांब्यावर. फॉर्म हिब्रूत भरायचे म्हणून मी बरोबर. शुक्रवारची बस म्हणजे घरी निघालेले सैनिक. दोन बसगाड्या न थांबता गेल्या. पावणेदहा झाले. तेवढ्यात सायीच्या रंगाची गाडी हात दाखवत कडेला येऊन उभी राहिली.

"डॅनियल, तिला सांग, मी सोडतो. कंपनीत वेळेवर पोचवतो."

मी अक्षरशः उडालो. बायकोला कायमचं घालवायला नवरा स्वतः गाडी घेऊन आला होता. वहिनींनी घड्याळ बघितलं, पदर खोचला आणि दरवाजा उघडला. मागची सीट नावालाच, त्यात जादा चाक आडवं घातलेलं. राहिलेल्या कोपऱ्यात मी घुसलो. वहिनींना डाव्या सीटवर बसावं लागलं.

यावनेपर्यंत रस्ता मोकळा मिळाला. त्यापुढे संत्र्यांच्या बागा लागल्या, आणि एक ट्रॅक्टर आडवा आला. मागच्या ट्रॉलीवर पेट्यांचा डोंगर, चाल बैलाची. मोझेसभाऊंनी ब्रेकपुरती जागा सोडली आणि मागे लागले.

मी मान लांब करून म्हटलं, "मोकळं आहे, काढा."

"तू मागचा. जो डाव्या सीटवर बसतो त्यानेच सांगायचं. रूल हाय."

वहिनी समोर बघत राहिल्या. सव्वादहा, साडेदहा. दर दोन मिनिटांनी त्या घड्याळ बघत. नवऱ्याला सोडून जायचं तर आधी नवऱ्याशी बोलायला हवं, असा तो पेच होता. शेवटी त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "भावजी, ह्यांना सांगा, रस्ता मोकळा आहे."

मी सांगितलं. सांगायला लागला तेवढाच वेळ. मोझेसभाऊंनी गाडी डावीकडे बाहेर काढली, आणि समोरच्या चढामागून भरधाव ट्रक वर आला.

"अहो, थांबा!"

वहिनींनी दोन्ही हातांनी त्यांचा दंड धरला होता. गाडी झटकन मागे, ट्रॅक्टरच्या आडोशाला आली. ट्रक हॉर्न वाजवत वाऱ्यासारखा गेला. पेट्यांतलं एक संत्रं घरंगळून रस्त्यावर पडलं. मोझेसभाऊंचे डोळे भरून आले होते, आणि वारा लागतो म्हणायची सोय होती म्हणून बरं. मलाही लागत होता.

चढ संपल्यावर त्यांनी डाव्या सीटकडे मान वळवली. "फ्लोरा, आता मोकळं हाय का?"

सोळा महिन्यांत प्रथमच ते वहिनींशी बोलले, माझ्याशी नाही.

वहिनींनी समोर बघितलं. "नाही," त्या म्हणाल्या. "येतंय."

मी मान बाहेर काढली. रस्ता पार क्षितिजापर्यंत रिकामा. मी मान पुन्हा आत घेतली.

"आता?" पाच मिनिटांनी मोझेसभाऊंनी विचारलं.

"थांबा अजून. मोठी गाडी आहे."

मोठी काय, छोटी गाडीही समोरून गेली नाही. उलट आमच्या मागून एक बस आली. सैनिकांनी भरलेली ती बस आमच्या आणि ट्रॅक्टरच्या शेजारून सावकाश पुढे निघून गेली. पोरं खिडक्यांतून आमच्याकडे बघून हसत होती. ती बस मोझेसभाऊंच्या डोळ्यांदेखत गेली. रस्ता मोकळा असल्याशिवाय बस अशी जात नाही, हे जन्मभर गाडी चालवलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको.

अकरा वाजून गेले असावेत. वहिनींनी स्वेटरची बाही ओढून घड्याळावर घेतली.

मोझेसभाऊंनी बसकडे पाहिलं, रिकाम्या रस्त्याच्या दिशेला पाहिलं, मग बायकोकडे.

"काढू?"

"नको. येतंय."

"बरं," मोझेसभाऊ म्हणाले. "तू सांगशील तेव्हा."