अर्धी अधिक एक तृतीयांश भाकर

मुलांना जे समजत नाही ते त्यांना दाखवावं, हा शिक्षणशास्त्राचा पाया आहे. आणि जे दाखवूनही समजत नाही त्याचा अहवाल पाठवावा, हा त्या पायावर चढवलेला मजला आहे. पुंडलिकनगरातलं ज्ञानगंगोत्री विद्यालय या मजल्यावर बरीच वर्षं सुखानं नांदत होतं.

शाळेत मंजूर शिक्षक बारा. मुख्याध्यापक तात्यासाहेबांनी मुक्तिसंग्राम दिनी झेंडावंदन झाल्यावर (म्हणजे नाश्त्याच्या आधी, लोक जागचे हलत नाहीत अशी ती एकच वेळ) शाळेच्या कार्याचा आढावा घेतला. "आमचे निम्मे शिक्षक मतदारयाद्यांचं राष्ट्रीय कार्य करतायत. एक तृतीयांश शिक्षक, कसं शिकवावं याचं प्रशिक्षण घेतायत. आणि उरलेले एक चतुर्थांश शिक्षक प्रत्यक्ष शिकवण्याची बाजू समर्थपणे सांभाळतायत." टाळ्यांचा कडकडाट झाला. शिकवणारे इतके निघतील अशी पालकांची अपेक्षा नव्हती.

प्रमुख पाहुणे म्हणून शिक्षण खात्याचे हेमचंद्र साहेब मंचावर होते. साहेब कर्तव्यदक्ष. टाळ्या वाजवता वाजवता त्यांनी मनातल्या मनात बेरीज केली, आणि आठवड्याच्या आत शाळेला फोन आला की तुमच्याकडं मंजुरीपेक्षा एक शिक्षक अतिरिक्त भरतो, त्याचं सोयगावला समायोजन होईल. (समायोजन म्हणजे बदलीच, फक्त बदलीविरुद्ध तक्रार करता येते.) हा अतिरिक्त माणूस आला कुठून, हे कुणी विचारलं नाही. साहेबांनी मोजला म्हणजे असणारच. सेवाज्येष्ठतेत सगळ्यांत खाली वैजनाथ सर होते, तेव्हा अतिरिक्त तेच ठरले. सर गणित शिकवायचे. पण गणित हा त्यांचा विषय होता, सवय नव्हती. त्यांनीही आकडा निमूट मान्य केला.

सोयगावाबद्दल सरांचं मत वाईट नव्हतं. मतच नव्हतं, कारण ते तिकडं, जिल्ह्याच्या पार टोकाला, कधी गेले नव्हते. पण पत्नी भानुमतीची नोकरी इथं शहरात, आणि आई यमुनाबाईंची नजर पार गेलेली. संध्याकाळी सर त्यांना पेपर वाचून दाखवायचे. बातमी ऐकून यमुनाबाई एवढंच म्हणाल्या, "मग राशिभविष्य कोण वाचणार रे? भानू मला रोज सगळं चांगलंच आहे म्हणून सांगते." सरांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

तात्यासाहेबांनी तोड काढली. साहेब तपासणीला येणारच होते. नववीच्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी येत नव्हती (ती पाचवीत येते, सातवीपर्यंत राहते आणि मग निघून जाते). वैजनाथ सरांनी साहेबांसमोर दृश्य पद्धतीनं अपूर्णांकांचा पाठ घ्यायचा. साहेब खूश झाले, की हा माणूस शाळेला अत्यावश्यक आहे असं त्यांच्या कानावर घालता येईल.

दृश्य पद्धत अत्यंत थोर आहे. तिच्यात आकड्यांऐवजी खायच्या वस्तू असतात, त्यामुळं मुलांचं लक्ष लागतं. विषयाकडं लागतं असा तिचाही दावा नाही. प्रशिक्षणात पिझ्झा होता. पण मातीशी नातं हवं, असं तात्यासाहेबांचं म्हणणं पडलं आणि भाकर ठरली. भाकर गोल कापायचा साचा शोधायला सर शहागंजात फिरले. भांड्यांचा दुकानदार म्हणाला, "गोल किसके वास्ते सर? पेट में जाके कौन नापता?" शेवटी सरांनी एक स्टीलचं ताट घेतलं आणि त्यावर कोनमापकानं साठ-साठ अंशांच्या रेघा मारल्या. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या भागूबाईंनी भाकरी थापायचं कबूल केलं, पण सुरी बघून त्या नाराज झाल्या. "भाकरीला सुरी लावत नायत सर. मोडतेत," असं म्हणाल्या.

सराव पाठात सरांनी विचारलं, "अर्धी भाकर म्हणजे किती?"

मुक्ता नावाची मुलगी उठली. "एक, सर. आमच्याकडं पाव्हणा अर्धीच वाढा म्हणला, की एक वाढतेत."

"आणि एकच वाढा म्हणाला तर?"

"मग दोन. एकच म्हणणारा लई लाजाळू असतो."

सगळ्या वर्गानं माना डोलावल्या. सरांनी घाम पुसला आणि तीन दिवस खपून मुलांना ताटाच्या रेघांवर आणलं. भाकरीचे सहा तुकडे. अर्धी म्हणजे तीन, एक तृतीयांश म्हणजे दोन, मिळून पाच तुकडे, पाच षष्ठांश. पोरांना ते खरोखर कळलं. सरांना इतका आनंद झाला की आपण सोयगावला चाललोय हे ते तासभर विसरले.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब आले ते ऐन जेवणाच्या वेळी. सरांनी दोन भाकरींचे सहा-सहा तुकडे केले, एकीतून तीन आणि दुसरीतून दोन उचलून रेघांच्या ताटात गोलाकार मांडले. एका तुकड्याची जागा मोकळी राहिली. पाठाचा सगळा जीव त्या मोकळ्या जागेत होता. ताट साहेबांपुढं ठेवून सर म्हणाले, "आता सांगा मुलांनो, साहेबांच्या ताटात किती भाकर आहे?"

मुलं तोंड उघडणार तेवढ्यात भागूबाई ठेचा घेऊन आल्या. त्यांनी ताट बघितलं, आणि उरलेल्यातला एक तुकडा उचलून मोकळ्या जागेत बसवला. "पाव्हण्याच्या ताटात उणी भाकर ठेवतेत व्हय?" त्या सरांना म्हणाल्या.

"पूर्ण!" साहेब म्हणाले. "अर्धी आणि एक तृतीयांश मिळून पूर्ण. वा, डोळ्यांसमोर सिद्ध झालं."

मुक्तानं सरांकडं बघितलं. सरांच्या ओठांवर पाच षष्ठांश आले होते. पण साहेब हसत होते, तात्यासाहेब डोळे मोठे करत होते, आणि सरांना आईचं राशिभविष्य दिसत होतं. त्यांनी पाच षष्ठांश गिळले. साहेबांनी ठेच्याशी सहाही तुकडे खाल्ले (भागूबाईंनी वर अर्धी, म्हणजे एक, आग्रहानं वाढली) आणि बोट चाटत विचारलं, "आणि वजाबाकी?"

सरांनी मुक्ताला उभं केलं. "साहेबांनी त्यातली एक तृतीयांश परत केली तर किती उरेल?"

"परत कशी करतील सर? ताटात पडलेली परत घेत नायत."

साहेब सद्गदित झाले. गणितातून संस्कार होताना त्यांनी प्रथमच पाहिले होते. जाताना त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या संध्याकाळी सरांनी आईला पेपरातल्या जाहिरातीसुद्धा वाचून दाखवल्या.

पण साहेब शिकलेलं वापरणारे होते. निम्मे आणि एक तृतीयांश मिळून पूर्ण होतात, हे त्यांनी स्वतः खाऊन पाहिलं होतं. याद्यांवरचे निम्मे, प्रशिक्षणातले एक तृतीयांश. शाळा तिथंच पूर्ण झाली. म्हणजे शिकवणारे एक चतुर्थांश सगळेच अतिरिक्त! आपण आधी फक्त एकच धरला होता, याचं त्यांना वाईट वाटलं. तीन शिक्षकांच्या समायोजनाचा हुकूम निघाला.

शाळेत शोधाशोध झाली. शिकवणारे दोनच सापडले, वैजनाथ सर आणि मराठीच्या मनकर्णा मॅडम. ते दोघं सोयगावला रुजू झाले. तिसऱ्या शिक्षकाला, विनापरवाना गैरहजर म्हणून, नोटीस बजावण्यात आली आहे. सर रोज संध्याकाळी आईला फोनवर भविष्य वाचून दाखवतात. भानुमतीसारखंच, सगळं चांगलं आहे म्हणून.

आता साहेबांना हसून झालं असेल, तर जरा वर जाऊन तात्यासाहेबांचं भाषण पुन्हा वाचा. बारांतले निम्मे म्हणजे सहा, एक तृतीयांश म्हणजे चार. उरतात दोन, म्हणजे एक षष्ठांश. तो एक चतुर्थांश होता कुठं? तेरावा माणूस त्या वाक्यातच जन्माला आला, आणि ते वाक्य तुम्हीही वाचलं होतं. पालकांबरोबर टाळ्या वाजवून तुम्ही पुढं आलात. साहेबांनी निदान भाकर तरी खाल्ली होती.